पंखा मोठा केला तरी कोब्रा तापतेच? : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी प्रश्न निवडायला बसलो तर निम्म्याहून जास्त रेप्लिकावाल्यांचे (जुन्या नामी गाडीची नक्कल बांधून चालवणाऱ्यांचे), आणि सगळ्यांची रड एकच, गाडी तापते. म्हटलं मग बाकीचं राहू दे बाजूला, या वेळी पाणी आणि पंखा एवढंच बोलू. आधीच सांगतो, गाडी समोर नसताना उत्तर द्यायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, त्यामुळे मी जिथे जिथे 'मोजा' म्हणतोय तिथे खरंच मोजा, मनातल्या मनात 'हो असेल बरोबर' करून पुढे जाऊ नका.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे कोब्राची रेप्लिका आहे, फायबरची बॉडी, फोर्डचं 302 व्ही-8, कार्ब्युरेटरवालं. मोकळ्या रस्त्यावर 80-90 च्या स्पीडला काटा 88 डिग्रीवर खिळल्यासारखा असतो. पण सिग्नलला किंवा जाममध्ये उभी राहिली की पाच-सात मिनिटांत 105, मग 110, आणि मागच्या महिन्यात तर उकळून पाणी बाहेर आलं. रेडिएटर अल्युमिनियमचं आहे, 24 बाय 16 इंच, नवीनच. त्याच्या पुढच्या बाजूला एक 14 इंची पंखा, प्लॅस्टिकच्या पिनांनी सरळ जाळीतून अडकवलेला. आता दोन मोठे पंखे टाकायचं ठरवलंय. किती सीएफएमचे (मिनिटाला किती घनफूट हवा) घेऊ? पुढे लावू की मागे? एक मित्र म्हणतो थर्मोस्टॅटच (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक, दुसरा म्हणतो रेडिएटर छोटा पडतोय. डोकं चालेनासं झालंय. — तापलेला कोब्रावाला

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मोकळ्या रस्त्यावर काटा 88 वर खिळलेला असतो ते. म्हणजे रेडिएटर पुरेसं आहे, पंप पाणी फिरवतोय, थर्मोस्टॅट उघडतोय. ढोबळ हिशोब असा धरतात की पेट्रोलच्या उष्णतेतला एक तृतीयांश चाकांना मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला एक तृतीयांश पाण्यात उतरतो. पळताना इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, पाण्यात उष्णताही जास्त येते, आणि ती तुमचं रेडिएटर आरामात बाहेर टाकतंय. मग उभ्या गाडीला, जिथे उष्णता त्याहून कितीतरी कमी आहे, तिथे तेच रेडिएटर छोटं कसं पडेल? कमी पडतेय ती हवा. रेडिएटर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ही गाडीची जातच तशी आहे हेही लक्षात घ्या. 1962 साली कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या 'एस' या गाडीत फोर्डचा व्ही-8 बसवला तीच कोब्रा. ती सडपातळ बॉडी मुळात दोन लिटरच्या आसपासच्या सहा सिलिंडर इंजिनासाठी होती, तिच्यात आधी 4.2 लिटरचं इंजिन गेलं, मग 4.7 चं, आणि 1965 मध्ये 7 लिटरचं 427 आलं तेव्हा नाकाचं तोंडही मोठं झालं. म्हणजे छोट्या घरात मोठा चुलाणा. रेप्लिकात वर फायबर, ते उष्णता धरून ठेवतं, बॉनेटखाली कोंदट होतं.

आता पंखे घ्यायच्या आधी एक अगदी फुकटचा प्रयोग करा. इंजिन गरम करा, पंखा चालू झाला की साधा कागद घेऊन रेडिएटरच्या हवा आत जाणाऱ्या बाजूला वेगवेगळ्या ठिकाणी सोडून बघा. कागद चिकटून राहिला तर तिथून हवा जातेय, गळून पडला तर जात नाहीये. तुमचा पंखा पुढच्या बाजूलाच असल्यामुळे मधल्या भागात कागद लावताच येणार नाही, तिथे मागून हात धरा आणि गरम झोत कुठपर्यंत लागतो ते बघा. माझा अंदाज, मधल्या गोलापुरता झोत आहे आणि चारही कोपरे मेलेले आहेत. 14 इंची गोलाचं क्षेत्रफळ 154 चौरस इंच, तुमच्या जाळीचं 384. म्हणजे उभ्या गाडीत चाळीस टक्के रेडिएटर काम करतंय आणि साठ टक्के नुसतं शोभेला आहे. त्यातून जो आहे तो पुढून ढकलणारा, त्याची मोटर आणि फ्रेम पळताना येणारी हवासुद्धा अडवते.

(कागदाची गंमत मला फार उशिरा कळली. माझ्या गाडीचं वायरिंग मी स्वतः नव्याने केलं आणि त्यानंतर ती जाममध्ये तापायला लागली. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतलं, तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी कागद धरला तर तो चिकटायच्या ऐवजी उडून थेट माझ्या चष्म्यावर येऊन बसला. पंख्याच्या दोन वायर मीच उलट जोडल्या होत्या, पंखा गरम हवा पुढे फेकत होता. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा त्याला पुरून उरायचा म्हणून तिथे काही कळायचं नाही.)

तर पुढे की मागे याचं उत्तर मागे, खेचणारा पंखा, आणि त्याच्याभोवती पूर्ण जाळी झाकणारं श्राउड. श्राउड म्हणजे काय, तर पत्र्याचं उथळ खोकं, रेडिएटरच्या चारही कडांना घट्ट बसलेलं आणि त्याच्या पाठीला पंख्याची भोकं. हे खोकं असलं की पंखा आपल्या गोलापुरती नाही तर पूर्ण 384 चौरस इंचातून हवा ओढतो. पण खोक्याला खोली हवी. पंख्याची पाती जाळीपासून निदान दोन बोटं लांब पाहिजेत, जास्त मिळालं तर अजून बरं, नाहीतर श्राउड असूनही हवा गोलातूनच येते. माझ्या मते श्राउडशिवाय दोन मोठे पंखे लावण्यापेक्षा श्राउडसकट एक बरा पंखा परवडला, आणि हे मी पंखेवाल्यांच्या कॅटलॉगकडे पाठ करून बोलतोय असं समजा.

कॅटलॉगचं निघालंच आहे तर सीएफएमचं पण बघू. समजा 3000 सीएफएम लिहिलंय. ती हवा तुमच्या 384 चौरस इंचांतून गेली तर तिचा वेग सेकंदाला साधारण पावणेसहा मीटर येतो, म्हणजे ताशी 20 किलोमीटर. आणि हा आकडा बहुतेक वेळा मोकळ्या हवेत मोजलेला असतो, समोर काही अडथळा नाही असा. रेडिएटरची दाट जाळी पुढे आली की तो बराच खाली येतो, किती ते मोटरच्या दमावर आहे. म्हणून कॅटलॉगमध्ये नुसतं सीएफएम बघू नका, पंखा किती अँपिअर घेतो ते बघा. सारख्याच आकाराचे दोन पंखे, दोघांवर सीएफएम सारखंच छापलंय, पण एक 7 अँपिअर घेतो आणि दुसरा 14, तर पहिल्याचा आकडा कागदावरच राहणार. फुकटात हवा हलत नाही.

तुमच्या मापात काय बसेल? 16 इंची एक पंखा मोहात पाडतो पण त्याची फ्रेम 16 पेक्षा जास्त भरते आणि तुमची उंचीच 16 आहे. तसंच 12 चे दोन शेजारी लावायला 24 इंच पुरत नाहीत, फ्रेम आडवी येते. 11 इंची दोन नीट बसतात. दोन असल्याचा फायदा म्हणजे एक मेला तर दुसऱ्यावर घरी येता येतं. पण इथे एक गोम आहे, श्राउड एकच सलग असेल आणि एकच पंखा चालू असेल तर तो जाळीतून ओढायच्या ऐवजी बंद पंख्याच्या भोकातून मागचीच गरम हवा परत ओढून घेतो, त्याला ते सोपं पडतं. म्हणून एकतर दोन्ही एकदमच चालू करा नाहीतर खोक्यात मधोमध एक पत्र्याची भिंत घाला. आणि श्राउडच्या बंद भागात दोन-तीन चौकोनी खिडक्या कापून त्यांवर रबराच्या झडपा लावा, फक्त वरच्या कडेला पकडलेल्या. पळताना हवेच्या दाबाने त्या उघडतात आणि हवा सरळ निघून जाते, उभ्या गाडीत पंख्याच्या ओढीने आपोआप मिटतात.

मागे जागा आहे का ते आधी मोजा. पंख्याच्या मोटरची पाठ आणि वॉटर पंपाची पुली यांच्यात निदान एक इंच मोकळं ठेवा, कारण जोरात ब्रेक मारला की इंजिन माउंटवर पुढे झुकतं. मळलेल्या मातीचा गोळा मोटरच्या पाठीला चिकटवून बॉनेट लावा, जरा चालवून जोरात दोन-चार ब्रेक मारा आणि गोळा किती दबला ते बघा, फूटपट्टीपेक्षा खरं सांगतो. आणि हो, आहे तोच पंखा मागे लावून वायर उलट करायचा विचार असेल तर थांबा. फिरतो तो उलटा पण पातीचा बाक चुकीच्या बाजूला पडतो आणि हवा निम्मीही येत नाही. काही पंख्यांची पाती काढून पालटता येतात, सगळ्यांची नाही. जाळीतून आरपार घातलेल्या त्या प्लॅस्टिकच्या पिना तर आजच काढा. कंपनाने त्या घासत राहतात आणि एक दिवस नळीला बारीक भोक पाडतात.

एवढं करूनही एक काम राहतं आणि तेच लोक करत नाहीत, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नसतं. नाकाचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामध्ये, वर, खाली, बाजूला ज्या फटी आहेत त्या बंद करा. हवा आळशी आहे, तिला जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूच्या फटीतून जाणं आवडतं. उलट उभ्या गाडीत बॉनेटखालची गरम हवा त्याच फटींतून पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो, मग पंखा कितीही मोठा लावा, तापलेलीच हवा गोल गोल फिरणार. पातळ अल्युमिनियमचा पत्रा आणि दारांना लावतात ती फोमची पट्टी, एका दुपारचं काम आहे. रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर टांगलेला असेल तर तोही हवा आधीच गरम करून देतो हे लक्षात ठेवा.

हवा आत आली तशी बाहेरही गेली पाहिजे. उभ्या गाडीत बॉनेट पूर्ण उघडून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. बॉनेट लावून 105 आणि उघडून 93 असं काही झालं तर पंख्याइतकाच दोष बाहेर जायच्या वाटेचा आहे. पुढच्या चाकांच्या मागे बॉडीला ज्या खिडक्या असतात त्या तुमच्या रेप्लिकात खऱ्या उघड्या आहेत की नुसत्या शोभेच्या, आतून फायबरने बंद? मी दोन्ही प्रकार बघितलेत. बंद असतील तर कापा.

थर्मोस्टॅट काढू नका. तुमचा मित्र म्हणेल पाणी मोकळं फिरेल, आणि दुसरा कोणीतरी म्हणेल पाणी फार जोरात गेलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे दुसरं तर पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे आणि चूक आहे, पाणी जोरात फिरलं म्हणून रेडिएटर कमी उष्णता टाकत नाही. थर्मोस्टॅट काढल्यावर खरा तोटा होतो तो इंजिनाच्या आत. तो थोडी अडवणूक करून ब्लॉकमध्ये दाब टिकवतो, तो दाब गेला की हेडमध्ये अति गरम जागी पाण्याच्या वाफेचे बुडबुडे सुटायला लागतात. आणि थंडीत इंजिन गरमच होत नाही ते वेगळंच. 82 डिग्रीचा चांगला थर्मोस्टॅट ठेवा आणि पंखा 92 च्या आसपास चालू, 86-87 ला बंद असा स्विच घ्या. स्विच थर्मोस्टॅटच्या खालच्या तापमानाला लावलात, समजा 80 ला बंद होणारा, तर पंखा कधी बंदच होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी त्याच्या खाली जाऊच देत नाही. हा हिशोब इंजिनाकडून बाहेर येणाऱ्या गरम पाण्याचा. स्विच रेडिएटरच्या थंड बाजूला असेल तर आकडे खाली आणावे लागतील.

शेवटी एक, 100 डिग्री दिसलं की घाबरून गाडी बंद करू नका. पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं असेल आणि झाकण 15 पीएसआय दाबाचं, धड, तर ते 125 च्या वर जाऊन उकळतं. तुमचं 110 लाच बाहेर आलं म्हणजे एकतर झाकणाचं रबर गेलंय किंवा काटा खोटं बोलतोय. झाकण आधी बदला, सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे.

प्रश्न : सर, बाकीच्यांच्या बरोबर उलटं माझं आहे. श्राउड केलं, दोन पंखे टाकले, जाममध्ये आता गाडी मस्त थंड. पण ताशी 100 ला दहा मिनिटं पळवली की हळूहळू वर चढत जाते, स्पीड कमी केला की उतरते. अजून मोठे पंखे टाकू का? — उलटी गंगा

उत्तर : नको! 60 च्या वर समोरून येणारा वाराच सगळं काम करतो, तिथे पंखा चालू आहे की बंद याने फरक पडत नाही. मघाशी 20 किलोमीटरचा हिशोब केला तो आठवा.

तुम्ही श्राउड केल्यावर हे सुरू झालं का त्याच्या आधीपासून होतं, ते लिहिलं नाहीये. श्राउडनंतर सुरू झालं असेल तर झडपा नाहीयेत, पळतानाची सगळी हवा दोन भोकांतून जायची धडपड करतेय. आधीपासून असेल तर मग पाण्याकडे वळा. खालचा होज, रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा, तो ओढीच्या बाजूला असतो, इंजिन गरम असताना कोणाला तरी 3000 आरपीएमपर्यंत नेऊन धरायला सांगा आणि होजकडे बघा (बेल्टपासून हात आणि बाही लांब). आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर तो होज डोळ्यांदेखत चपटा होतो, आरपीएम सोडलं की परत गोल. हे एकदा बघितलं की विसरत नाही.

दुसरी शंका मला पंपाची आहे. फोर्डच्या या छोट्या व्ही-8 चे दोन प्रकारचे पंप मिळतात, जुन्या व्ही बेल्टवर चालणारा सरळ फिरतो आणि नंतरच्या सपाट सर्पेंटाइन बेल्टचा उलटा फिरतो. बाहेरून दोघे भाऊ दिसतात. रेप्लिका म्हणजे चार गाड्यांचे पार्ट जमवून बांधलेली गाडी, तिच्यात पंप एका प्रकारचा आणि बेल्ट दुसऱ्या प्रकारचा असं सर्रास होतं. चुकीच्या दिशेला फिरणारा पंपही थोडंफार पाणी ढकलतो, त्यामुळे आयडलला कळत नाही, जोर लागला की उघडा पडतो. बेल्ट पंपाच्या पुलीवर पोटाने बसतोय की पाठीने ते बघा आणि पंप कुठल्या इंजिनासाठीचा घेतला होता ते शोधा.

हे दोन्ही ठीक असेल तर इग्निशन टायमिंग मागे पडलंय का (ठिणगी उशिरा पडतेय का), मिक्श्चर लीन आहे का (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) ते तपासून घ्या, दोन्हीमुळे इंजिन जास्त तापतं. आणि सगळ्यात शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील. त्याला निळ्या द्रावणाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. ते पिवळं न होवो.

प्रश्न : पंखे दोन, प्रत्येकी 12-13 अँपिअर. जुन्याच वायरवर, एका 30 च्या फ्यूजवर जोडलेत. फ्यूज उडत नाही पण त्याच्या घराचं प्लॅस्टिक वितळलं. पंखे सुरू झाले की हेडलाइट मंद होतात आणि गंमत म्हणजे टेंपरेचरचा काटा त्याच क्षणी 8-10 डिग्री वर उडी मारतो. पंखा लावून गाडी जास्त कशी तापेल? फायबरचीच बॉडी आहे. — वितळलेला फ्यूज

उत्तर : गाडी तापत नाहीये, काटा फसवतोय. इतके लिटर पाणी एका क्षणात 8 डिग्री वर जाऊच शकत नाही. पंखा चालू केल्यावर काटा उडतो म्हणजे पंखा आणि मीटर एकाच बारक्या अर्थच्या (करंट परत नेणाऱ्या) वायरवर पोट भरताहेत. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते, कुठेही स्क्रू मारला की काम होतं. तुमची बॉडी फायबरची, तिच्यातून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची परतीची वायर तुम्हाला स्वतः चॅसीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि बनवणाऱ्याने बहुतेक सगळ्यांची मिळून एकच नेलेली असते. पंख्यांना जाड अर्थ वेगळी द्या. सेंडरच्या (पाण्याचं तापमान काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) आट्यांना टेफलॉनची टेप भरपूर गुंडाळली असेल तर तीही काढा, सिंगल वायरचा सेंडर त्या आट्यांमधूनच अर्थ घेतो.

फ्यूज उडत नाही पण त्याचं घर वितळतं, हे जास्त करंटचं नाही तर ढिल्या किंवा काळ्या पडलेल्या पकडीचं लक्षण आहे. 25 अँपिअर जात असताना त्या जोडावर फक्त 0.02 ओहम रोध असला तरी साडेबारा वॅट उष्णता तिथल्या तिथे, नखाएवढ्या जागेत, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्नच लावून ठेवल्यासारखं.

मल्टिमीटर घ्या, पंखे चालू असताना आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा, मग पंख्याच्याच प्लगमध्ये, प्लस आणि मायनस दोन्ही तिथलेच. बॅटरीला 13.9 आणि पंख्याला 11.6 असा फरक मी स्वतः बघितलाय. त्या सव्वादोन व्होल्टचा अर्थ पंखा सहावा हिस्सा हळू फिरतोय, हवा तेवढीच कमी. म्हणजे मोठा पंखा घेतला आणि वायरमध्ये घालवला.

प्रत्येक पंख्याला स्वतःचा रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), स्वतःचा फ्यूज. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, 87 वरून पंखा, आणि 85-86 हे आतल्या कॉइलचे, तिथे बारीक वायर चालते, थर्मल स्विच त्याच वाटेवर लावायचा. चावीच्या स्विचमधून पंख्याचा करंट कधीही नेऊ नका. जाड म्हणजे प्रत्येक पंख्याला 4 चौरस मिलिमीटर धरा, सामाईक लांब पल्ला असेल तर 6. सुरुवातीला मोटर एक क्षण दुप्पट-तिप्पट करंट ओढते, म्हणून दुसरा पंखा दोन-चार सेकंद उशिरा सुरू झाला तर लाइटचं ते लवणंही कमी होईल.

आणि अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे? जुना 60 चा असेल तर आयडलला त्यातले निम्मे मिळाले तरी खूप. पंखे 25, लाइट 10, इग्निशन आणि फ्यूएल पंप मिळून अजून दहाएक, बेरीज तुम्हीच करा. जाममध्ये, म्हणजे पंखा जिथे खरा लागतो नेमकं तिथेच, बॅटरी हळूहळू उतरत जाणार आणि पंखा मंद. नाकापेक्षा मोती जड झालाय, अल्टरनेटर आधी बदला.

प्रश्न : जीटी40 ची रेप्लिका आहे, इंजिन मधे, रेडिएटर पुढे. कधी थंड तर कधी अचानक उकळते, एकदा तर काटा नॉर्मल होता आणि मागून वाफ! कुठला पंखा सुचवाल? — मधल्या इंजिनवाला

उत्तर : कुठलाच नाही, तुमच्या पाण्यात हवा अडकलीये. 1966 ते 1969 सलग चार वेळा ल माँची 24 तासांची शर्यत जिंकलेली फोर्डची ती गाडी, उंची अवघी 40 इंच म्हणून तर नाव, त्यामुळे पाणी मागून पुढे आणि परत असं काही मीटर आडव्या नळ्यांतून फिरतं आणि हवेला वर सुटायला चढच मिळत नाही. नॉर्मल काट्यावर वाफ आली याचं कारण सेंडर हवेच्या पोकळीत होता. तो ओला असला तरच खरं सांगतो, कोरडा पडला की खुशाल कमी दाखवतो, म्हणून या लक्षणाकडे मी जास्त गांभीर्याने बघेन.

गाडी थंड असताना नाक स्टँडवर नीट वर उचला, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) उघडा, हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मागच्या टाकीतून अगदी सावकाश भरा, लांब नळ्या हाताने दाबत दाबत. स्क्रूतून आधी फसफस येईल, मग अखंड धार आली की बंद करा. ही टाकी सगळ्या व्यवस्थेत सर्वात उंच असायला हवी, तुमची नसेल तर हवा पुन्हा पुन्हा अडकेल, तिची जागाच बदलावी लागेल. एकदा गरम करून थंड होऊ द्या आणि परत एकदा सगळं करा, पहिल्या फेरीत सगळी हवा निघत नाही.

प्रश्न : गाडी बंद केली की काटा 90 वरून 100 वर जातो. बंद केल्यावरही पंखा चालू राहील असं सर्किट करू का? — रात्रीची काळजी

उत्तर : ते होणारच. पंप थांबला, पाणी जागेवर थांबलं आणि तापलेल्या लोखंडातली उष्णता त्यात उतरतेय. पाणी बाहेर फेकलं जात नसेल तर यात बिघाड काही नाही. पंखा चालू ठेवलात तर रेडिएटरमधलं तेवढं पाणी गार होईल, इंजिनातलं तसंच राहील, कारण ते इकडे येतच नाहीये. बॉनेटखालची गरम हवा थोडी निघेल, कार्ब्युरेटर असेल तर गरम इंजिन परत सुरू करताना त्याचा फायदा होतो, तेवढ्यासाठी दोन मिनिटांचा टायमर लावायला हरकत नाही. पण टायमरच लावा, नुसता थर्मल स्विच थेट बॅटरीवर ठेवून सोडू नका. तो अडकून बसला तर सकाळी इंजिन थंडगार मिळेल आणि बॅटरीही.